कान पिळण्याचा हक्क

ज्या मुलाचं नाव मी शाळेतून काढायला लावलं, त्याने कुणालाही मारलेलं नव्हतं. आणि हे मला त्याचं नाव निघाल्यावर थोड्याच दिवसांत कळलेलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. घरात बोललो नाही, मित्रांत बोललो नाही, हेडमास्तरांपाशी तर नाहीच नाही.

संपादकांनी मागितलेला लेख वेगळा होता. शाळेतली दांडगाई कशी ओळखावी आणि कशी थांबवावी यावर दिवाळीच्या अंकासाठी चार अनुभवाच्या गोष्टी लिहा, असं त्यांनी कळवलं. वऱ्हाडातल्या मास्तरांमध्ये या बाबतीत माझं थोडं नाव आहे. मेळाव्यांतून मला बोलवतात, मी बोलतो, लोक माना डोलावतात, चहा होतो. म्हटलं, लिहायचंच तर हे नाव कशावर उभं आहे ते लिहावं.

बाहेरच्या माणसाला आधी आमचं काम सांगायला हवं. मिडल स्कूल म्हणजे पाचवी ते आठवी. चौथीपर्यंतची मुलं मारतात ती उघड्यावर, आणि मार खाल्लेलं मूल भोकाड पसरत मास्तरांकडे येतं. हायस्कुलातली मुलं ठरवून भिडतात आणि निकाल लावून मोकळी होतात. मधली चार वर्षं चोरटी असतात. या वयाचा मुलगा मार खातो आणि सांगतो, "पडलो, मास्तर." या चार वर्षांत मुलं झाडावरून, ओट्यावरून आणि बैलगाडीवरून जितकी पडतात, तितकी पुढे जन्मभर पडत नाहीत.

म्हणून मी संशयाने बघायला शिकलो. तास चालू असताना एखादा मुलगा रोज करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागतो. पूर्वी मी अशा मुलाला कामचुकार म्हणून बाकावर उभा करी. मधल्या सुट्टीत काय झोपा काढतोस का, म्हणून विचारी. मधल्या सुट्टीत तो तिकडे फिरकूच शकत नाही, कारण तिथे कुणीतरी त्याची वाट बघत असतं, हे कळायला मला फार काळ लागला. सुट्टीत फळा पुसून देतो म्हणणारा मुलगा, मास्तरांच्या टेबलाभोवती घोटाळणारा मुलगा, आपल्याच फजितीला सगळ्यांत मोठ्याने हसणारा मुलगा, यांच्यावर माझी नजर असते. ही मुलं शहाणी, सेवाभावी किंवा विनोदी असतीलही. पण आधी मी तसं धरत नाही.

या सवयीने कधी कधी फजिती होते. अमरावतीच्या शाळेत एक किरकोळ पोरगा रोज एका धटिंगणाचं दप्तर वाहून आणताना मला दिसे. मी रांजणाच्या आड उभा राहून दोघांना पकडलं. "हे दप्तर तुझ्याकडून कोण उचलून घेतं?" म्हणून दरडावलं. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

"मीच घेतो नं, मास्तर. हा मले दप्तरामागं एक संत्रं देते."

"आन काल फोड किडकी निंगाली तं यानं दप्तर फाटकातच ठेवलं, मास्तर," धटिंगणाने उलट तक्रार केली.

मी हसलो आणि दोघांना जाऊ दिलं. तरी संध्याकाळी मनात आलंच, की धटिंगणाला रोज संत्री देतं कोण? दुसऱ्या दिवशी त्याच्या घराजवळून चक्कर मारून आलो. परसात संत्र्याचं झाड होतं. माझा स्वभाव आता असा झाला आहे. तो कशामुळे झाला ते आता सांगतो.

मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत सहावीचा वर्गमास्तर होतो. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. इंग्रजीच्या तासाला आमच्याकडे जुनी पद्धत होती. बाकांवरच्या जागा उत्तरांवर ठरत. मी स्पेलिंग विचारायचं; पहिल्याला आलं नाही की दुसरा, मग तिसरा. ज्याला येईल त्याने चुकलेल्या प्रत्येकाचा कान पिळायचा आणि त्या सगळ्यांच्या वर जाऊन बसायचं. मास्तरांचा हात दुखत नाही, आणि मुलांना चुरस लागते, असं आम्ही सगळेच म्हणत असू. मीही असाच शिकलो होतो. माझे कान पिळले गेले होते आणि मी पिळलेही होते.

त्या वर्गात गुणवंत नावाचा मुलगा आला. दर्यापूरकडच्या खेड्यातला, सुताराचा. जुन्या शहरात मामाकडे राही. अंगाने काडी, पण एकदा ऐकलेलं स्पेलिंग विसरत नसे. आठ दिवसांत तो शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आला. आला म्हणजे काय, सगळ्या वर्गाचे कान पिळत आला. सुरुवातीला तो नुसती बोटं लावी. मी ते बघितलं आणि म्हणालो, "नीट पिळ. नाहीतर मी तुझा पिळीन." मग तो नीट पिळू लागला.

शेवटच्या बाकावर हबीब बसे. पिंजाऱ्याचा मुलगा. दोनदा नापास झालेला, वर्गात सगळ्यांत थोराड, आवाज फुटलेला. पहाटे बापाबरोबर कापूस पिंजून तो शाळेत येई, त्यामुळे भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. पोरं ओरडत, "गादी आली रे, गादी आली!" तो म्हणे, "झोपा मंग." त्याला मिडल पास व्हायचं होतं. उर्दू तो घरी आणि मशिदीत शिकला होता. मिडलचा दाखला मिळाला की उर्दू शाळेत मास्तर होता येईल, असं त्याच्या आईच्या मनात होतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण नाव घालायला तीच आली होती आणि तिने आल्या आल्या तेच सांगितलं होतं. इंग्रजी मात्र हबीबला येत नसे. वर्गात सगळ्यांत जास्त कान त्याचा पिळला जाई.

थंडी सरली तरी गुणवंत टोपी कानांवर ओढून बसू लागला. मी दोनदा हटकलं, "गावंढळासारखी टोपी काय घालतोस?" त्याने टोपी वर केली नाही. अंगरख्याची बाही फाटली. दौत फुटली. पायरीवरून पडलो, नदीत घसरलो, असं चाललं होतं. माझ्या मनात संशय आला. तो संशय बरोबर होता, हे मी अजूनही थोड्या अभिमानाने म्हणतो. पुढचं सगळं चुकलं.

शाळा सुटल्यावर एकदा मी गुणवंताच्या मागावर गेलो. जुन्या शहराकडे जायला मोर्णा नदी ओलांडावी लागे. उन्हाळ्यात पात्र जवळजवळ कोरडं असे. गुणवंत पुढे चालला होता, आणि काही अंतर ठेवून मागे हबीब. गुणवंत चपलेतला खडा काढायला थांबला, तर हबीबही थांबला. गुणवंत निघाला, तर हबीबही निघाला. ना वळून बघणं, ना हाक. मी काठावरच्या बाभळीआडून बघत होतो. मला वाटलं, मांजर उंदरामागे चाललं आहे. आणखी काही बघायची गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी भरवर्गात मी गुणवंताला उभं केलं. "तुला कोण मारतं?"

त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"घाबरू नकोस. मी आहे. हबीब मारतो ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वर्गाकडे पाहिलं. मग हो म्हणून मान हलवली.

हबीब आपण होऊन उभा राहिला. "मी काहून मारीन बाप्पा त्याले?"

"मग रोज त्याच्या मागे मागे का जातोस? मी डोळ्यांनी पाहिलंय."

हबीबने गुणवंताकडे पाहिलं. गुणवंत खाली बघत होता. हबीब काही तरी सांगणार होता, हे मला दिसलं. पण त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "तुमी पाह्यलं नं, मास्तर? मंग झालं."

मी हा उर्मटपणा समजलो. तसंच हेडमास्तरांना सांगितलं. त्या वर्षी मोठे साहेब तपासणीला यायचे होते आणि शाळेत शिस्त दाखवायची होती. हबीबचं नाव शाळेतून निघालं. हेडमास्तर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मास्तर असावा तर असा. नजर पाहिजे नजर!" मला फार बरं वाटलं.

त्यानंतर गुणवंत ज्याला उत्तरं येतात अशा मुलासारखा राहिला नाही. सोपी स्पेलिंगं चुकवू लागला. मी विचारलं की ओठ हलत, उत्तर येत नसे. पहिल्या बाकावरून सरकत सरकत तो हबीबच्या रिकाम्या जागेपर्यंत गेला. वाटेत सगळे त्याचा कान पिळत होते, आणि मी बघत होतो. तास चालू असताना रोज त्याची करंगळी वर. टोपी कानांवर तशीच. एके दिवशी सुट्टीत त्याला एकट्याला वर्गात थांबवलं आणि मी स्वतः त्याची टोपी काढली.

दोन्ही कान सुजलेले होते. वर्गात फार तर एक कान पिळला जाई. याचे दोन्ही सुजले होते, मागच्या बाजूला नखांच्या खुणा होत्या. काही खुणा जुन्या होत्या, खपली धरलेल्या. म्हणजे तो पहिल्या बाकावर बसत होता आणि वर्गात त्याच्या कानाला कुणी बोटही लावत नव्हतं, तेव्हाच्या. टोपी कानांवर होती ती तेव्हापासूनची. आणि हबीब तर आता शाळेतच नव्हता.

"कोणी केलं हे?"

"सगळ्याईनं," तो म्हणाला. "वर्गात मी ज्याचा पिळतो, तो नदीवर माहा पिळते. दोनी हातानं."

"आणि हबीब?"

"थो नाई. थो मागं राहू लागला तवापासून ते दुरूनच जात. मी त्याले, मागं न पाहता, चालता चालता स्पेलिंगं सांगो. मामाले दिसलो असतो संगं तं मामानं घरातून काढलं असतं मले. म्हून थो मागं राहे."

मी बाकावर बसलो. "मग त्याचं नाव का घेतलंस?"

"मी कुठं घेतलं, मास्तर? तुमीच घेतलं."

"नाही म्हणता आलं नसतं?"

"नाई म्हटलं असतं तं तुमी दुसरं नाव इचारलं असतं. सगळे तिथंच बसले होते." त्याने माझ्या हातातली टोपी घेतली. "हबीबनं मले काई केलं नसतं. त्याचंच भेव नव्हतं."

मार खाणारा मुलगा मारणाऱ्याचं नाव घेत नाही. ज्याची भीती वाटत नाही त्याचं घेतो, किंवा मास्तर घेतील त्याला मान हलवतो. मेळाव्यांत मी हे वाक्य नेहमी सांगतो आणि लोक ते टिपून घेतात. ते कुठून आलं हे सांगत नाही.

त्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो. आत जाऊन काय सांगायचं ते मनात जुळवलेलं होतं. त्यांनी विचारलं, "काय मास्तर?" आणि मी म्हणालो, "साहेब, कान पिळायची पद्धत बंद करावी म्हणतो. तपासणीला साहेब येतील त्यांना बरं दिसणार नाही." ते म्हणाले, "उत्तम कल्पना!" मी बाहेर आलो. हबीबविषयी बोललोच नाही. बोललो असतो तर नुसता हबीब निर्दोष ठरून भागलं नसतं. त्या पोरांना गुणवंताचा कान पिळायला कुणी शिकवलं, हाही प्रश्न आला असता. आणि मी अजून कायम व्हायचा होतो.

पद्धत बंद झाली आणि नदीवरचा मार आपोआप थांबला. पोरं मुळात दुष्ट नव्हती, हिशेब चुकता करत होती. गुणवंत पुन्हा उत्तरं देऊ लागला. सगळीकडे झालं, की या मास्तरांनी वर्गातली दांडगाई छडी न उचलता थांबवली. इथून माझं नाव सुरू होतं.

हबीबची आई पुन्हा आली ती यानंतर. फाटकापाशी बुरखा सावरत उभी होती. "मास्तरसाब, मेरे बच्चे ने गलती की होगी. आप मारो उसको, हड्डी तोड़ दो, मैं कुछ नहीं बोलूँगी. मगर मिडल तक तो पढ़ने दो. फिर इम्तिहान का मौका कब आएगा?"

मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "हेडमास्तरसाहेबांना भेटा." ती त्यांना भेटली. ते म्हणाले, वर्गमास्तरांनी लिहून दिलं तर विचार करू. ती परत माझ्याकडे आली. मी म्हणालो, "बघू." तिने मला दुवा दिली आणि गेली. मी लिहून दिलं नाही. परीक्षा झाली. पुढल्या वर्षी ती आली नाही.

त्यानंतर मी जे काही केलं ते बरंच केलं, असं इतर लोक म्हणतात. वर्गासमोर कुठल्याही मुलाला ‘कोणी मारलं’ म्हणून विचारत नाही. माझ्या तोंडून नाव जाऊ देत नाही. मुलाला कामाच्या निमित्ताने बरोबर घेतो, लांबच्या वाटेने नेतो, आणि बाजाराबद्दल, बैलांबद्दल बोलत राहतो. परतीच्या वाटेवर तो आपणच बोलतो. सुट्टीत मास्तरांच्या खोलीत न बसता मुताऱ्यांच्या वाटेवर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसतो. नव्या मास्तरांना ही माझी लहर वाटते. एका मुलाला दुसऱ्याला शिक्षा करायला लावायची नाही, हा माझ्या शाळेत कायदा आहे. मॉनिटरच्या हातातही पट्टी नसते. आणि वर्गातलं सगळ्यांत उद्दाम पोर समोर आलं की माझा पहिला संशय त्याच्यावर नसतो, माझ्यावर असतो. यातलं बरंचसं उपयोगी पडतं. नवे मास्तर हा लेख वाचत असतील तर त्यांनी हे जरूर घ्यावं. माझ्याविषयी त्यांचं मत काय होईल, ही वेगळी गोष्ट.

गुणवंत पुढे चांगला शिकला. अमरावतीलाच असतो, कधी रस्त्यात भेटतो. आम्ही दोघं हवेविषयी बोलतो.

आता मी इथे अमरावतीला एका मिडल स्कूलचा हेडमास्तर आहे. यंदा शाळा उघडली तेव्हा नवी नावं घालायला पालकांची रांग होती. एक माणूस पुढे आला, दाढीत पांढरे केस, शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मी त्याच्या भुवयांकडे बघितलं आणि माझा हात थांबला.

"वळखलं, मास्तर?"

"हबीब."

"हाव." तो मनापासून हसला. की मनापासून हसल्यासारखा हसला, मला ठरवता येईना. "दर्यापूरले गादीचं दुकान हाय माहं. हा रशीद. इथं मावशीपाशी राहते."

"दर्यापूरलाही शाळा आहे की."

"हाय नं. पण तुमचं नाव लय आयकलं. या मास्तरच्या शाळेत कोनी कोनाले हात लावत नाई म्हनते. याची तब्येत नाजूक हाय, मास्तर. आजीवर गेला."

"आई कशी आहे?"

"गेली. दोन बरसातीच्या आधी." मग म्हणाला, "मरेपर्यंत तुमचं नाव घे. म्हने, मास्तर बघू म्हनले होते."

मी कागद पुढे केला. त्याने मराठीत सही केली, सुरेख, वळणदार. मी त्याचा चेहरा बघत होतो. टोमणा असेल तर मला दिसायला हवा होता. आयुष्यभर मी तेच काम केलं आहे. काही दिसलं नाही. बोलायची वेळ हीच होती. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेर रांग होती, पण दार लोटता आलं असतं.

त्यानेच विचारलं, "मास्तर, कान पिळनं बंद हाय नं आता?"

"कधीचंच."

"बरं केलं. माहे लय दुखत." पुन्हा हसला. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाला, "कोनी मारलं तं मास्तरले सांगजो. घाबरू नोको. मास्तर बराबर वळखते."

एवढं म्हणून तो सलाम करून गेला. मी पुढचं नाव लिहायला घेतलं.

रशीद पाचवीत आहे. सुट्टीत मी लिंबाखाली बसतो तेव्हा तो समोर गोट्या खेळतो. कोण त्याला हरवतं, कोण ढकलतं, सगळं मी बघतो; आतापर्यंत काही वावगं दिसलेलं नाही. महिन्यातून एकदा बाप त्याला भेटायला येतो, फाटकातून मला सलाम करतो. मी हात वर करतो.

हबीबने गुणवंताला कधीही मारलं नाही. तो त्याला सांभाळत होता. हे मी आज लिहिलं, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. त्याच्यावर आरोप मी मुलांसमोर, मोठ्या आवाजात केला होता. त्याच्या आईला जे सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही. हबीबला सांगता येईल. त्याच्या मुलाला समोर बसवून, त्याच आवाजात, "तू मारलं नव्हतंस, आणि हे मला माहीत होतं," एवढं म्हणणं माझ्याकडून बाकी आहे.